कलांचो फुलं संपली की मरतोच का? टिकवायचा कसा?

पाथर्डीफाटा_अवनी | ९ ऑगस्ट, रात्री १०:२०

मंडळी, दर दिवाळीला मी एक कलांचो आणते. गंगापूर रोडच्या एका नर्सरीतून, शंभर-सव्वाशेला एक, कधी लालभडक तर कधी तो पिवळा डबल पाकळ्यांचा. दीड-दोन महिने असला फुलतो की दारात आलेला माणूस आधी त्याच्याकडे बघतो. मग फुलं वाळतात आणि गुढीपाडव्याच्या आसपास खोड खालून काळं पडतं, हात लावला तर उकडलेल्या बटाट्यासारखं मऊ, आणि एक दिवस झाड कुंडीत आडवं. पाच आणले, चार असे गेले. एक दोन वर्षांपूर्वीचा अजून जिवंत आहे, पण नुसता लांबुळका झालाय आणि मागच्या अख्ख्या हिवाळ्यात कळी म्हणून धरली नाही.

नवरा म्हणतो बुके आणला होता असं समज आणि सोड. पण आईकडे सिन्नरला पानफुटी गच्चीच्या कठड्यावर वीस वर्षं उभी आहे, तिच्याकडे कोणी बघत पण नाही. दोघं भाऊबंदच ना? मग याचेच का एवढे नखरे?

बाल्कनी पूर्वेची, दुसरा मजला. पाणी रोज सकाळी, तुळशीला घालते तेव्हाच याला पण एक तांब्या. नर्सरीवाला म्हणाला होता रोज घाला.

सातपूरचा_फिटर | ९ ऑगस्ट, रात्री १०:३१

रोज एक तांब्या. ताई, प्रश्नातच उत्तर आहे.

उगाचच | ९ ऑगस्ट, रात्री १०:४४

वाचतोय. आमच्याकडे तर प्लास्टिकचं झाड पण सुकल्यासारखं दिसतं.

हिरवा_चाफा | ९ ऑगस्ट, रात्री ११:५२

अवनी, मरतोच असं अजिबात नाही. हे हंगामी झाड नव्हे, चांगलं बारमाही आहे. मूळचं मादागास्करचं. १९३२ च्या सुमारास पॉट्सडॅमच्या रॉबर्ट ब्लॉसफेल्ड नावाच्या बियाणेवाल्याने ते युरोपात बाजारात आणलं, म्हणून शास्त्रीय नावात ब्लॉसफेल्डियाना. तेव्हापासून बिचारं भेटवस्तू म्हणूनच विकलं जातंय, म्हणून लोक फुलं गेली की टाकून देतात.

तुझी चार का गेली ते सांगते. नर्सरीतून येतो तो छोट्या प्लास्टिकच्या कुंडीत, निव्वळ कोकोपीटमध्ये. कोकोपीट वरून कोरडं दिसतं आणि पोटात ओलं असतं. त्यात आपण ती कुंडी एखाद्या शोभेच्या कुंडीत ठेवतो, तळाला भोक नाही, खाली दोन बोटं पाणी साचलेलं, आणि आपण वरून बघून म्हणतो सुकलंय. या झाडाचं टाकीचं काम पानं करतात. जाड गुबगुबीत पान म्हणजे टाकी फुल्ल. खालचं पान दोन बोटांत धरून बघ, कडक असेल तर पाणी नको, थोडं लुळं लागलं, दबलं, की भरपूर घाल, तळातून वाहू दे, आणि मग विसरून जा. उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा-दोनदा होईल, पावसाळ्यात पंधरा दिवस नाही घातलं तरी चालतं.

उद्या एक काम कर. जो जिवंत आहे तो कुंडीतून उपटून बघ. घाबरू नकोस, मरत नाही. मुळं कशी दिसतात ते इथे सांग.

देवळालीची_सुनंदा | १० ऑगस्ट, सकाळी ७:१५

मला हे पटत नाही. मी रोज पाणी घालते, अगदी रोज, आणि माझे तीन कलांचो चार वर्षांचे आहेत. झाडाला पाणी लागतंच. इंटरनेटवर वाचून सगळे पाण्याला घाबरायला लागलेत.

हिरवा_चाफा | १० ऑगस्ट, सकाळी ७:४०

सुनंदाताई, कुंडी कसली आणि कुठे ठेवलीये?

देवळालीची_सुनंदा | १० ऑगस्ट, सकाळी ७:५२

मातीच्या. कुंभाराकडून आणलेल्या. गच्चीवर, टाकीच्या बाजूला. माती आमच्या ह्यांनी बांधकामाची वाळू घालून केली होती.

सातपूरचा_फिटर | १० ऑगस्ट, सकाळी ८:०५

घ्या. मातीची कुंडी, निम्मी वाळू, देवळालीचा वारा. तुमचं पाणी कुंडीत तासभर तरी टिकतं का काकू? तुम्ही झाडाला नाही, गच्चीला पाणी घालताय.

देवळालीची_सुनंदा | १० ऑगस्ट, सकाळी ८:११

काकू नाही, ताई.

निफाडकडचा | १० ऑगस्ट, दुपारी १:३०

मी बागाईतदार, द्राक्षवाला. फुलझाडातलं फार कळत नाही पण बायकोने लावलेले आहेत आठ-दहा, म्हणून बोलतो.

आपल्याकडची काळी माती कुंडीत घालू नका. शेतात सोनं आहे, कुंडीत सिमेंट. ओली झाली की गच्च आणि वाळली की भेगा, मुळीला हवाच नाही. आम्ही कुंडीला मुरूम चाळून घेतो, निम्मा मुरूम, पाव लाल माती, पाव जुनं शेणखत. विटेचा चुरा मिळाला तर अजून बेस. पाणी घातलं की पाच-दहा सेकंदात खालून बाहेर आलं पाहिजे, नाही आलं तर भरणी चुकली समजायचं.

दुसरं, लांबुळका झालाय म्हणताय ना, त्यात तुमचा सगळाच दोष नाही. ही झाडं विकायला तयार करताना वाढ रोखणारं औषध देतात, म्हणून ती कशी बुटकी, टोपलीसारखी गोल दिसतात. आम्ही द्राक्षाला सीसीसी मारतो ना शेंडा थांबवायला, त्याच जातीतला प्रकार. घरी आलं की औषधाचा असर उतरतो आणि झाड आपल्या मूळ स्वभावावर जातं. मग छाटायचं. न घाबरता. आम्ही एप्रिलला बागेची खरड छाटणी करतो तेव्हा पाहुणा आलेला माणूस हळहळतो, म्हणतो एवढी हिरवी बाग का हो कापली. पण काडी नवी आली नाही तर घड कुठे लागणार? याचं पण तसंच, फुलं वाळली की दांडा खालपर्यंत कापा, खोडावर पानांच्या दोन-तीन जोड्या ठेवा, बास.

पाथर्डीफाटा_अवनी | १० ऑगस्ट, रात्री ९:४५

उपटला. चाफाताई, तुम्ही म्हणालात तस्संच. बाहेरची पांढरी सिरॅमिकची कुंडी उचलली तर खाली पाणी, त्याला वास पण यायला लागलेला. आतली कुंडी कापून काढावी लागली. मधोमध कोकोपीटचा लिंबाएवढा गोळा, त्यावर कसलीतरी बारीक जाळी, आणि मुळं त्या जाळीच्या आतच गोल गोल फिरलेली. दोन वर्षं मी भोवती माती घालून ठेवली होती त्यात एक मूळ शिरलं नव्हतं! अर्धी मुळं तपकिरी, ओढली की साल हातात आणि आत दोऱ्यासारखं काहीतरी उरतं. उरलेली पांढरी आहेत.

आता पुढे? लगेच लावू का?

हिरवा_चाफा | १० ऑगस्ट, रात्री १०:१०

लगेच नको. जाळी काढ, तपकिरी मुळं कात्रीने कापून टाक, आणि झाड सावलीत वर्तमानपत्रावर दोन-तीन दिवस तसंच उघडं पडू दे. जखमा सुकल्या की निफाडकरांच्या मिश्रणात लाव, आणि लावल्यावर चार-पाच दिवस पाणी नाही. शेंडे छाटशील ते फेकू नकोस, बोटभर लांबीचे तुकडे, तेही दोन दिवस सुकवून खोच. म्हातारं झाड गेलं तरी वंश राहतो. खरं सांगायचं तर माझ्याकडचा 'दहा वर्षांचा कलांचो' म्हणजे त्याच झाडाची चौथी-पाचवी पिढी आहे. तीन-चार वर्षांनी खोड लाकडासारखं होतं, मग नव्या फांदीवरच पुढे जायचं.

उगाचच | १० ऑगस्ट, रात्री १०:३०

म्हणजे आजोबांची कुऱ्हाड. दांडा दोनदा बदलला, पातं तीनदा, पण कुऱ्हाड आजोबांचीच.

बोका_मालक | ११ ऑगस्ट, सकाळी ९:०२

घरात मांजर किंवा कुत्रा असेल तर जरा लक्ष असू द्या, कलांचो त्यांना विषारी आहे, हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं असतात त्यात. ऑस्ट्रेलियात याच्या जातभाईंनी गुरांना विषबाधा होते, तिथे ते तण म्हणून उपटतात. आमचा बोका सगळी झाडं चाखतो, म्हणून माझे कलांचो खिडकीबाहेर ग्रीलमध्ये. बोका आतून बघतो आणि शिव्या देतो.

म्हसरूळ_गच्ची | ११ ऑगस्ट, सकाळी ११:२०

विषय कलांचोचा आहे पण माझं अडेनियमचं दुःख इथेच ओततो. नऊ वर्षांचं झाड, बुंधा नारळाएवढा, दर मार्च-एप्रिलला पान कमी फूल जास्त. पावसात मी नेहमी पत्र्याखाली घेतो, एवढा शहाणा आहे. या वर्षी मे महिन्यात, ऐन उन्हाळ्यात, बुंधा एका बाजूने मऊ. डोकं चालेना. पाणी मी आठवड्याने घालतोय, ऊन कडक, आणि सडतंय कसं? चार दिवसांनी रात्री गच्चीवर झोपायला गेलो तेव्हा ऐकू आलं, टप... टप... शेजारच्या बिल्डिंगमधल्या एसीची नळी वाऱ्याने सरकून बरोबर कुंडीवर आली होती. दिवसा एसी बंद म्हणून मला पत्ता नाही, आणि रात्रभर झाडाला सलाईन चालू.

सुरीने कापत गेलो. तपकिरी लगदा निघत गेला, पांढरा गर लागेपर्यंत थांबलो नाही, निम्मा बुंधा गेला. हळद दाबून भरली, बारा दिवस सावलीत उलटं टांगलं. आता एका बाजूला खड्डा आहे पण वरून पानं फुटलीयेत. हातात मोजे घाला कापताना, चीक विषारी असतो. सुरी नंतर घरात वापरली म्हणून बायकोकडून जे ऐकलं ते इथे लिहीत नाही.

सातपूरचा_फिटर | ११ ऑगस्ट, सकाळी ११:४१

काय भो, नारळ गेला करवंटी राहिली.

कॉलेजरोडवाला | ११ ऑगस्ट, दुपारी ४:१५

आमच्या ब्रह्मकमळाला या महिन्यात एका रात्री अकरा फुलं आली, सगळी सोसायटी आरती घेऊन. त्याला मी रोज पाणी घालतो. तेही याच प्रकारातलं ना?

हिरवा_चाफा | ११ ऑगस्ट, संध्याकाळी ६:३०

ते निवडुंगाच्या कुळातलं, पण जंगलातलं. मूळ मेक्सिकोकडचं, तिथे झाडांच्या फांद्यांवर सावलीत वाढतं, म्हणून त्याला ओलावा आणि सावली चालते. कलांचोसारखं कोरड्या उन्हातलं नाही. आणि भांडण लागणार माहिती आहे तरी सांगते, खरं ब्रह्मकमळ वेगळं, ते हिमालयात उंचावर येतं, उत्तराखंडचं राज्यफूल.

कॉलेजरोडवाला | ११ ऑगस्ट, संध्याकाळी ६:४८

आमच्या आजीने ब्रह्मकमळ म्हणून लावलं, आम्ही ब्रह्मकमळ म्हणून पूजा केली. आता हिमालयाला काय वाटतं ते हिमालयाने बघावं.

(यावर पुढे एकवीस प्रतिसाद झाले. ब्रह्मकमळाचा वेगळा धागा काढलाय, कृपया तिकडे भांडावे. – संपादक)

शिंदेमळा | १२ ऑगस्ट, सकाळी ८:२०

अवनीने पानफुटी काढली म्हणून आठवलं. आमची आजी म्हणायची, पानफुटी सकाळी आंबट आणि दुपारी सपक. आम्ही पोरं खरंच चावून बघायचो. आंबट लागायची. आजी गेली पण हे कोडं काही सुटलं नाही.

हिरवा_चाफा | १२ ऑगस्ट, सकाळी ९:१०

आजी शंभर टक्के बरोबर! आणि हेच तिच्याआधी एकाने लिहून ठेवलंय. बेंजामिन हेन नावाचा वनस्पतीतज्ज्ञ मद्रासकडे कंपनी सरकारच्या नोकरीत होता, त्याने १८१३ साली लंडनला पत्र लिहून कळवलं की पानफुटीचं पान पहाटे आंबट, दुपारी बेचव आणि संध्याकाळी कडवट लागतं.

कारण असं, की बाकीची झाडं दिवसा पानांची छिद्रं उघडतात, ही रात्री उघडतात. दिवसा उघडली तर उन्हात पाणी उडून जाईल. रात्री हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन आम्लाच्या रूपात साठवून ठेवायचा आणि दिवसा दारं बंद करून उजेडात तो वापरायचा. म्हणून पहाटे आंबट. आणि म्हणूनच अवनी, याला रोज तांब्या लागत नाही. पण आता चावून बघू नका कोणी, वर बोका_मालकांनी सांगितलंय ते पानफुटीला पण लागू आहे.

उगाचच | १२ ऑगस्ट, सकाळी ९:२२

नाईट शिफ्टवाली झाडं. अंबड एमआयडीसीत लावायला पाहिजेत.

पाथर्डीफाटा_अवनी | १२ ऑगस्ट, रात्री १०:०५

लावला. पाच फांद्या पण खोचल्या, श्रीखंडाच्या डब्यांना सळई तापवून भोकं पाडली. पण मूळ प्रश्न राहिलाच, मागच्या हिवाळ्यात फुलला का नाही? तेव्हा तर झाड बरं होतं, पानं हिरवीगार.

निफाडकडचा | १२ ऑगस्ट, रात्री १०:३०

खत कोणतं देता? नुसता युरिया किंवा शेणखत असेल तर पाल्यावर जाणार. दसऱ्याच्या आसपास शून्य बावन्न चौतीस द्या, लिटरला एक ग्रॅम, पंधरा दिवसांनी एकदा. जास्त नको, ही द्राक्षबाग नाही.

हिरवा_चाफा | १२ ऑगस्ट, रात्री १०:५०

खत नंतर. अवनी, रात्री बाल्कनीत उजेड असतो का?

पाथर्डीफाटा_अवनी | १२ ऑगस्ट, रात्री १०:५८

असतो की. समोरच सोसायटीचा खांब, नवा एलईडी लावलाय, दिवस असल्यासारखा. बाल्कनीत पेपर वाचता येतो.

हिरवा_चाफा | १२ ऑगस्ट, रात्री ११:३५

सापडला चोर.

कलांचो रात्र मोजतो. सलग काळोखाची रात्र बारा तासांच्या वर गेली, आणि असं पाच-सहा आठवडे चाललं, की तो कळ्या धरतो. चौदा तास मिळाले तर उत्तम. नाशिकला जूनमध्ये दिवस सव्वातेरा तासांच्या वर असतो, तेव्हा प्रश्नच नाही. सप्टेंबरच्या शेवटी दिवस-रात्र सारखी होते आणि डिसेंबरात रात्र साधारण तेरा तासांची, म्हणजे आपल्याकडे काही न करता जानेवारी-फेब्रुवारीत फुलायला हवा. पण मध्यरात्री त्याच्या पानांवर उजेड पडला तर त्याच्या हिशेबी रात्र झालीच नाही. तुझ्या झाडाने दोन वर्षं रात्र बघितलेली नाही.

शेवंतीचं पण हेच गणित. पॉलीहाउसवाले काळं कापड टाकून रात्र लांबवतात, म्हणून तर त्यांचा कलांचो दिवाळीला फुललेला असतो, आपला नाही.

उपाय साधा आहे. दसऱ्यापासून रोज संध्याकाळी सहाला वर एक खोका उपडा घालायचा, सकाळी आठला काढायचा. दिवसा मात्र भरपूर उजेड, सकाळचं ऊन. कळ्या डोळ्यांना दिसल्या की खोका बंद.

सातपूरचा_फिटर | १२ ऑगस्ट, रात्री ११:४२

म्हणजे कोंबड्या डालग्याखाली झाकतात तसं. ताई, सकाळी आरवला तर सांगा.

देवळालीची_सुनंदा | १३ ऑगस्ट, सकाळी ७:०५

माझे फुलतात ते म्हणूनच असेल. आमच्याकडे गच्चीवर काळाकुट्ट अंधार. पाण्याचं मात्र मी माझंच खरं धरणार.

पाथर्डीफाटा_अवनी | १४ नोव्हेंबर, रात्री ९:१८

धागा वर आणतेय. खोका चालू आहे, मिक्सरचा. रोज सहाला जमत नाही, मी ऑफिसातून येते सातला, मग सात ते नऊ असं केलं. सासूबाईंनी पहिले चार दिवस विचारलं हे काय, आता त्याच आठवणीने झाकतात, "त्याला झोपवलं का" म्हणून विचारतात. पण घोळ झाला. दिवाळीत नवऱ्याने आकाशकंदील नेमका त्याच बाल्कनीत लावला, आणि त्या पाच दिवसांत खोका कोणाच्याच लक्षात नाही, कंदील रात्रभर चालू. आता सगळं पहिल्यापासून का?

हिरवा_चाफा | १४ नोव्हेंबर, रात्री ९:५०

खंड पडला, पण वाया नाही गेलं. चालू ठेव, थोडा उशीर होईल एवढंच. शेंड्याच्या पानांच्या बेचक्यात बघत जा.

निफाडकडचा | १४ नोव्हेंबर, रात्री १०:१५

आणि थंडीचं बघा. आमच्याकडे पारा पाच-सहावर येतो तेव्हा बायको सगळ्या कुंड्या पडवीत घेते, दहाच्या खाली याला सोसत नाही, पानं काचेसारखी होतात आणि गळतात. पांढरा कापूस दिसला पानांच्या मागे तर तो पिठ्या ढेकूण, बागेत येतो तोच. स्पिरिटमध्ये कापूस बुडवून पुसून काढा, आणि मुंग्या कुठून येतात ते बघा, त्याच त्याला घेऊन फिरतात.

पाथर्डीफाटा_अवनी | ६ जानेवारी, सकाळी ८:१०

आल्या!!! काल सासूबाईंनी खोका काढला आणि हाक मारली. शेंड्याला मोहरीएवढ्या हिरव्या कळ्यांचा गुच्छ, चार फांद्यांवर. खालचं एक पान दाबून बघितलं, लुळं होतं, मग पाणी घातलं, तळातून वाहीपर्यंत. बारा दिवसांनी घातलं असेल.

श्रीखंडाच्या डब्यातल्या पाचपैकी चार जगल्या. त्यातली एक स्वयंपाकघराच्या ओट्यावर ट्यूबखाली होती, तब्येतीला सगळ्यात गुटगुटीत, आणि तिला एक कळी नाही. नवऱ्याला दोन्ही शेजारी ठेवून दाखवल्या. तो आता बुके म्हणत नाही, पण या दिवाळीला कंदील हॉलच्या खिडकीत लावायचं काही अजून कबूल करत नाहीये.

म्हसरूळ_गच्ची | ६ जानेवारी, सकाळी ८:३५

अभिनंदन! रंग कोणता?

पाथर्डीफाटा_अवनी | ६ जानेवारी, सकाळी ८:४०

तेच आठवत नाही. दोन वर्षांपूर्वी लाल आणला होता की पिवळा, घरात वाद चालू आहे. सासूबाई लाल म्हणतायत.

उगाचच | ६ जानेवारी, सकाळी ८:५२

त्या ओट्यावरच्या गुटगुटीत फांदीचं काय करणार? नको असेल तर मला द्या. आमच्याकडे तशीही रात्री अकराला लाईट जाते.

पाथर्डीफाटा_अवनी | ६ जानेवारी, सकाळी ९:०१

घेऊन जा. डबा परत पाहिजे.